तुझी भाजीची वही

प्रिय सरोज,

कोईमतूरला वीस वर्षं बाजार तूच केलास. मी बाहेर स्कूटरवर बसून हॉर्न वाजवायचो. आता इथे सिंगापूरला, आपल्या लेकाच्या, अमेयच्या घरी, भाजी मी आणतो. तमिळ बाईंच्या दुकानात तुझ्या वहीतले तमिळ शब्द वाचून दाखवतो. तक्काळी म्हटलं की टोमॅटो मिळतात.

आज शेवटचं पान काढलं आणि म्हणालो, "नेंजु वलिक्कुदु, अर्धा किलो."

"अंकल, चेस्ट पेन?" बाईंनी घाबरून मला खुर्चीत बसवलं, ॲम्ब्युलन्सला फोन लावला. मला काहीच होत नव्हतं.

सरोज हार्टनं अचानक गेली, कधी बोलली नाही, असं मी पाच वर्षं सगळ्यांना सांगतोय. तू सांगत होतीस गं, आत, भाजीवालीला. मी हॉर्न वाजवत होतो.

अजून बाहेरच थांबलेला,
मनोहर