माझे, माझ्याकडे, मला

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त भाषाशिक्षक, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाला न जुमानता माझी शेवटची इच्छा स्वहस्ते लिहीत आहे. दडपण आणलेच गेले नाही, असे मात्र कोणी समजू नये. माझे यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते वकिलाच्या कारकुनाने लिहिले होते आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा धरबंध नव्हता.

कलम १. देण्याआधी 'माझे' म्हणजे काय, ते स्पष्ट करतो. इंग्रज आणि जर्मन माणूस वस्तू 'बाळगतो'. कर्ता तो, वस्तू बिचारी कर्म. स्पॅनिश माणसाचे क्रियापद तर मुळात 'धरून ठेवणे' या अर्थाचे. रशियन माणूस असा हिसका देत नाही. त्याच्या वाक्यात वस्तूच कर्ता असते आणि ती त्याच्यापाशी असते, इतकेच. हंगेरियन माणूस मालकीचा प्रत्यय वस्तूच्याच नावाला चिकटवतो. आपली मराठीही काही कमी नाही: पैसे माझ्याकडे असतात, बहीण मात्र मला असते. परदेशी नोकरीला निघालेल्या परिचारिकांना हे मी चाळीस वर्षे पुढच्या खोलीत शिकवले. "सर, जर्मनमध्ये नवरासुद्धा 'बाळगायचा' का हो?" असे एकीने विचारले होते. मी म्हणालो, "क्रियापद तेच. निभावणे तुझ्याकडे."

कलम २. फळा, बाके, टेबल आणि सर्व शब्दकोश मी माझ्या सुनेला देत आहे. मुलगा गेल्यानंतर वर्ग तिनेच उचलून धरला आणि आता ती तो माझ्याहून बरा चालवते. यात लॅटिनचा मोठा कोशही आला. त्यावर पलीकडच्या गल्लीतल्या फ्रेंचवाल्या मास्तरांचा तीस वर्षे डोळा आहे. या गृहस्थांनी एकदा ग्रंथालयात चारचौघांत माझ्या उच्चारातली चूक काढली होती. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे माझ्या वकीलबाईंनी सांगताच मी साक्षीला त्यांनाच बोलावले. काल कच्चा मसुदा वाचून ते म्हणाले, "अरे लबाडा! मरतानासुद्धा?" तरीही सहीला येणार आहेत. माणूस भला आहे. फक्त फ्रेंचचा आहे.

कलम ३. माझी छत्री पुतण्याला. तो गेल्या पावसाळ्यात फळांची पिशवी घेऊन आला होता. म्हणाला, "काका, वहिनी अजून तरुण आहे. उद्या दुसरं लग्न करेल आणि घर परक्याच्या घशात जाईल. सून ती, रक्ताची थोडीच आहे?"

मी म्हणालो, "मला सून आहे. तुझ्याकडे काय आहे?"

"माझ्याकडे वकील आहे."

वाक्य निर्दोष होते. पूर्ण गुण दिले. तुमचे मृत्युपत्र मी कोर्टात उभे-आडवे फाडीन, असे जिन्यात बजावून तो गेला आणि जाताना माझी छत्री घेऊन गेला. आजवर ती त्याच्याकडे होती. यापुढे ती त्याची.

कलम ४. घर. या मृत्युपत्रात घर नाही. त्याचे बक्षीसपत्र मी गेल्या महिन्यात सुनेच्या नावे करून, रीतसर नोंदवून मोकळा झालो. तिने लग्न करावे, न करावे, घर विकावे, ठेवावे. अट एकही नाही. "निदान हयातभर राहण्याचा हक्क तरी राखून ठेवा," असे वकीलबाई विनवत होत्या. एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने पदर धरणे मला मान्य नाही. पुतण्याने आता खुशाल आव्हान द्यावे. त्याला लढायला त्याचीच छत्री उरली आहे.

नोंदणी करून परतताना जिन्यात सून म्हणाली, "बाबा, आणि मी उद्या तुम्हाला बाहेर काढलं तर?"

"तर माणसं ओळखण्यात मी नापास."

ती कुलूप उघडून आत गेली. मी मागोमाग पाऊल टाकणार तोच आतून आवाज आला, "थांबा! आधी पाय पुसा. सकाळीच फरशी पुसलीय मी माझ्या घराची."

अकरा वर्षे ती 'बाबांचं घर' म्हणत आली होती. मी दोन्ही पाय पुसले, आणि मग पुन्हा एकदा पुसले. आयुष्यात कोणाचा हुकूम मी इतक्या आनंदाने पाळलेला नाही. रशियनमध्ये 'तिच्यापाशी घर आहे' आणि 'मी तिच्याकडे राहतो' या दोन्ही वाक्यांत 'तिच्यापाशी' आणि 'तिच्याकडे' यांसाठी तेच दोन शब्द येतात. फळ्यावर हा नियम मी शेकडो वेळा लिहिला. आता मी त्यात राहतो आणि झोप उत्तम लागते.

वरील मजकूर मी वाचला आहे, तपासला आहे, आणि त्यात चूक नाही.

(सही) लिहून देणारा

साक्षीदार:
१. (सही) फ्रेंचवाले मास्तर. कोश निदान चाळायला मिळावा, ही विनंती.
२. (सही) समोरच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाई. गृहस्थांची बुद्धी शाबूत आहे, जीभ जास्तच.

दिनांक: ४ मार्च, सोमवार
ठिकाण: सुनेचे घर, तिच्या परवानगीने