मी ‘बरं’ म्हटलं

६ मे, मंगळवार
नंदुरबारहून आत्ताच आलो. हे गाडीतच झोपले. मशीनवर रक्त धुऊन आणलं की यांच्यात काही उरतच नाही. दुसरा दिवस पडून काढायचा, तिसऱ्या दिवशी जरा बसायचं, की पुन्हा गाडी! नवनीत म्हणतो, “माय, वरीस-दोन वरीस तरी सरकतीन.” सरकतील रे बाबा. पण असे?

७ मे
यांची भाजी चिरली, उकळली, पाणी फेकलं, परत शिजवली. मीठ नावाला. चव कसली येणार? चोथा नुसता. यांना पाणी दिवसाला ठरलेलं तेवढंच. बाहेर आमच्या रनाळ्याचं ऊन! मला तहान लागली की स्वयंपाकघरात जाऊन पाठमोरी पिते. घोट आवाज न करता गिळायचा. आपल्याच घरात चोर झाले.

९ मे, शुक्रवार
हे गाडीत बसेनात. “हाई जगणं शे का? चार दिन कमी जगसू, पन मानूससारखा जगसू!” मी भर गल्लीत ओरडले. काय काय बोलले, देवाला ठाऊक. शेवटी हे बसले.

१० मे
शेजारची गुलाबबाई यांना भेटायला आली. हातात शहाळं आणि केळी — यांना नेमकी दोन्ही बंद! हसूच आलं. मग ती तिच्या नवऱ्याचं सांगत बसली. सुरतेला नेलं, नळ्या घातल्या, महिनाभर ठेवलं. “दवाखानामाच गया. शेवटलं बोलनं बी नई व्हयनं.” ती गेल्यावर हे म्हणाले, “ऐकं ना?” ऐकलं. कान थोडेच बंद आहेत माझे!

१२ मे
दिवसभर तेच डोक्यात. किती दिवस, आणि कसले दिवस. बाजारात वांगी निवडावीत तसं हे निवडता येतं का? आणि निवडणारी मी कोण?

१३ मे, मंगळवार
सकाळी पुन्हा म्हणाले, “माले नई जानं.” मी म्हटलं, बरं.

एवढंच. बरं. नवनीत माझ्याकडे बघतच राहिला. मग गाडीची किल्ली टेबलावर टाकून शेतात निघून गेला.

मी वांगी भाजली. भरीत केलं, हिरव्या मिरच्या, वरून तेल, मीठ पुरतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. माठातलं पाणी तांब्याभर ठेवलं. यांनी दोन घास खाल्ले. “चांगलं व्हयनं,” म्हणाले, आणि ताट सारलं. पाण्याला हातही लावला नाही. मला वाटलं, भूकच मेली असेल. पण काहीतरी चुकलंय.

१४ मे
हे दिवसभर भिंतीकडे तोंड.

१५ मे
पाय सुजलेत. दम लागतो. चालून नाही, नुसतं बसूनसुद्धा. “जायचं का?” विचारलं. यांनी कूस बदलली. नवनीत माझ्याशी बोलत नाही. देवा, मी काय करून बसले!

१६ मे, शुक्रवार
उठले तर हे बाहेर ओट्यावर. धुतलेला सदरा, टोपी, मांडीवर दवाखान्याची पिशवी. म्हणाले, “नवनीतले उठाड.” मी वळले तर पाठीमागून — “माले वाटनं व्हतं, तू ‘नई’ म्हनशी.”

त्या दिवशी दमले होते मी. ते ‘बरं’ यांच्यासाठी नव्हतंच.