रजेचं कारण

प्रिय प्रीती,

तू पुण्याला पोचल्याचा फोन आला, त्याला आज नऊ दिवस झाले. रोज बोलतो आपण, पण एक गोष्ट राहूनच जाते. तू इथे होतीस तेव्हा माझ्या तोंडून निघाली नाही, आणि फोनवर तुला मीटिंगची घाई. म्हणून लिहायला बसले. सातवी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस. तुझ्या हाताखालच्या पियूषबद्दल बोलायचं आहे, पण आधी माझी फुशारकी ऐक.

परवा बुटीबोरीच्या एका कंपनीतले तीन साहेब आमच्या लकडगंजच्या फरसाण कारखान्यात आले होते. मशीन बघायला नव्हे, आमचं रजेचं कॅलेंडर बघायला! वैदेहीताईंनी, म्हणजे शेठच्या सुनेनं, मला पुढे केलं. म्हणाल्या, हे सिंधूताईंचं काम आहे, त्याच सांगतील. मी डोक्यावरची प्लास्टिकची टोपी सरळ केली आणि घडाघडा सांगून टाकलं. छाती कशी फुगली होती म्हणून सांगू!

शेठच्या काळात रजा मागायची म्हणजे सुपरवायझर देवरावांच्या टेबलापुढे उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं कारण सांगावं लागायचं. पोराचा ताप चालत नसे, शाळा चालत नसे, चालायची ती फक्त मयत. मग काय, आम्ही सगळ्या माणसं मारायला लागलो. पुष्पलताने तिचे चारही मामा संपवले. मी तुझ्या आजीला दोनदा मारलं. आजीला हे ठाऊक होतं. चहा पिता पिता म्हणायची, "मलेच मार वं, तुया मायले हात लावू नको." आम्ही हसून हसून लोळायचो.

पण आजी खरोखरच गेली, तेव्हा काय झालं ते तुला मी कधी सांगितलं नाही. सकाळी मी कारखान्यात निरोप द्यायला गेले, तर देवराव सगळ्या टेबलांकडे बघत म्हणाले, "कितीदा मरते वं तुयी सासू?" बाया हसल्या. त्यांची चूक नाही, आपली रजा शाबूत राहावी म्हणून हसल्या. आणि मी काय केलं असेल? मीही हसले, प्रीती. आजी घरात निजवलेली होती आणि मी तिथे उभी राहून हसले. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

शेठच्या जागी वैदेहीताई आल्या, त्या आधी महिनाभर आमच्याच टेबलावर बसून पाकिटं बंद करत होत्या. मग त्यांनी सगळ्यांना बसवून विचारलं, पहिल्यांदा काय बदलू? सगळ्यांना वाटलं मी पंखे मागेन. मी उठले आणि म्हटलं, "बाई, आमाले सुट्टीचं कारण इचारू नका. आमचं आमी पाहून घेऊ." देवराव म्हणाले, आठ दिवसांत कुलूप लागते पाहा. आता दारामागे कॅलेंडर आहे. ज्या दिवशी रजा हवी तिथे नाव लिहायचं, एका टेबलावरून एका दिवशी एकीनेच. कारण कुणी विचारत नाही. पहिल्याच आठवड्यात एका तारखेवर अकरा नावं पडली आणि देवरावांचा चेहरा खुलला. मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना जवळ बोलावलं. डबे संपेपर्यंत सात जणींनी आपापली नावं स्वतःच खोडली. वर्ष झालं, एकही गाडी माल नाही म्हणून थांबलेली नाही. आणि वर्षभरात कुणाचा मामाही मेला नाही.

तुझाही अभिमान आहे गं. सक्करदऱ्याच्या दोन खोल्यांतून जाऊन बावीस माणसं सांभाळतेस, हे मी भाजीवाल्यालाही सांगते. पण इथे होतीस तेव्हा एक दिवस तू ओट्यावर बसून फोनवर बोलत होतीस. मी आत कणीक मळत होते. "आजी वारली म्हणतोस ना पियूष, मग दाखला पाठव, त्याशिवाय सुट्टी नाही." फोन ठेवून तू मला म्हणालीस, सगळे खोटं बोलतात, आई. मी तुला फक्त चहा दिला. तेव्हाच बोलायला हवं होतं.

तो खरं बोलत असेल, तर तो कुठे उभा आहे ते मला ठाऊक आहे, मीही तिथेच उभी होते. खोटं बोलत असेल, तर एका दिवसासाठी त्याला आजी का मारावी लागली, ते तुझं तू बघ. मी पहिल्यांदा मारली ती तुला गोवर आला होता तेव्हा, आणि दुसऱ्यांदा तुझ्या स्कॉलरशिपच्या परीक्षेला. बाहेर झाडाखाली तीन तास बसले होते, तू पेपर देऊन हसत आलीस. त्याला आजच फोन कर. मला नंतर केलास तरी चालेल.

तुझीच,
आई