कुंकू लागलेलं रिव्हॉल्व्हर

नागोया,
३० ऑगस्ट २०२३

चि. सौ. सुमन हिस दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

राखी वेळेवर पोचली. तुझ्या वतीने नातीने, अनघाने, बांधली आणि जपानीत काहीतरी पुटपुटली. आशीर्वादच असावा. व्हिडिओ कॉलवर तुझं नुसतं कपाळ दिसतं, म्हणून आपलं पत्रच बरं.

आता बस खाली. तुझा दादा एकाहत्तराव्या वर्षी रिव्हॉल्व्हरचा मालक झाला! किंचाळू नकोस, खरं बाळगायला इथे कोण देतंय? ही धातूची हुबेहूब प्रतिकृती, नळी बुजवलेली, कायद्यानेच सोनेरी रंगवलेली. पन्नास वर्षं जुनी, पण जशी कारखान्यातून निघाली तशी. ओसूच्या देवळातल्या जुन्या बाजारात एका आजींकडे बाहुल्यांच्या ढिगाखाली होती. खोका मूळचा, माहितीपत्रक मूळचं, घोड्यावर साधा ओरखडा नाही. आजींनी किंमत सांगायच्या आत मी पाकीट काढलं, शपथ!

आमच्या इमारतीतले मिझुनो-सान आणि त्यांचे चार म्हातारे मित्र अशीच रिव्हॉल्व्हरं जमवतात. वर्षभर मी त्यांच्यामागे फिरतोय. त्यांच्या मंडळात यायचं तर ऑक्टोबरच्या प्रदर्शनात आपली एक वस्तू मांडायची, आणि ती अगदी मूळ स्थितीत हवी. बोटाचा डागही चालत नाही, म्हणून मी घरातसुद्धा पांढरे हातमोजे घालून तिच्याकडे जातो. सूनबाई, स्वरूपा, म्हणते, बाबा, तुम्ही लग्नातले वाढपी दिसता.

पण सुमन, घेतलं पाहिजे गं त्यांनी मला. प्रथमेश मोटारीच्या कारखान्यात, सूनबाई ऑफिसात, नात शाळेत. दिवसभर मी आणि भात शिजवायचं यंत्र. नोव्हेंबरात पुण्याला परतायचं ठरवलंच होतं. मंडळात घेतलं तर राहीन म्हणतो. तोवर दर पुठ्ठ्याच्या कचऱ्याच्या दिवशी माझा जीव टांगणीला, माझा खोकाही कुणी बांधून बाहेर ठेवेल म्हणून.

तुझा लोभ या खोक्यासारखा शाबूत राहो.

तुझा,
दादा

पुणे,
१२ सप्टेंबर २०२३

ती. दादास सुमनचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की आमचे बाळासाहेब स्वयंपाकघरात धावत आले. मूळ स्थिती म्हणे! लहानपणी बाबांचं गजराचं घड्याळ उघडलंस, परत जोडलंस, आणि एक चाक उरलं ते गुपचूप खिशात घातलंस. तोच तू आता हातमोजे घालतोस! बाळासाहेबांनी तुझ्या सोनेरी पिस्तुलाची बातमी सोसायटीभर केली आहे. खालचे श्यामराव विचारत होते की लक्ष्मीकांत जपानात नक्की करतात काय.

हसणं झालं, आता खरं सांगते. तुला घेऊ नये त्यांनी, असं मला वाटतं. रागाव हवं तर. कोथरूडच्या तुझ्या फ्लॅटच्या खिडक्या मी दर रविवारी उघडते, नळ सोडून बघते, तुझ्या खुर्चीवर बसून चहा पिते. तू आलास की भांडायला माणूस मिळेल म्हणून दिवस मोजतेय, आणि तू तिथे म्हाताऱ्यांच्या मागे लागला आहेस.

असो. खंडेनवमी विसरू नकोस. आपल्या घरात अडकित्त्यालासुद्धा हळदकुंकू वाहिल्याशिवाय कुणी ताटावर बसलं नाही. तुझ्याकडे तर साक्षात शस्त्र आहे. लांबून का होईना, नमस्कार कर.

सगळा लोभ त्या खोक्यात भरू नकोस, थोडा बहिणीला ठेव.

तुझी,
सुमन

नागोया,
२४ ऑक्टोबर २०२३

चि. सौ. सुमन हिस आशीर्वाद (आज जरा कमीच), वि. वि.

घात झाला! आणि मूळ तू आहेस.

काल नवमी. स्वरूपाने पाट मांडला. त्यावर विळी, कात्री, तिचा लॅपटॉप, प्रथमेशचा पाना, गाडीची किल्ली. तू लिहिलं होतंस म्हणून टोकाला मी माझा खोका ठेवला, झाकण उघडून. लांबूनच नमस्कार करणार होतो, देवाशपथ. पण हातमोजे घालून पूजा कशी करायची? ते काढले. विळीला हळद, कुंकू, अक्षता. कात्रीला हळद, कुंकू, अक्षता. जन्मभराची सवय, हात आपला पुढे पुढे सरकत गेला. किल्लीवर थांबायचं होतं. थांबला नाही!

सोनेरी रंगावर हळद दिसत नाही म्हणावं, तर नळीवर ओलं कुंकू ठसठशीत. पुठ्ठ्यावर हळदीचं बोट उमटलंय ते वेगळंच. पुसावं तर सोनेरी मुलामा निघेल. स्वरूपाच्या हातातलं निरांजन पडता पडता राहिलं. अनघा मात्र टाळ्या वाजवत म्हणाली, कावाई! म्हणजे किती गोड!

रविवारी प्रदर्शन आहे. ठेव माझ्या फ्लॅटच्या खिडक्या उघडून, येतोच.

लोभ आहे, पण तो सध्या रुसलेला आहे.

दादा

नागोया,
३० ऑक्टोबर २०२३

चि. सौ. सुमन हिस अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद, वि. वि.

गेलो. स्वरूपा सोबत होती. डागाची बाजू खाली ठेवा, असं ती हळूच म्हणाली. मोह झाला, नाही कशाला म्हणू? पण कुंकवाची बाजू खाली ठेवायला हात धजेना.

मिझुनो-सान भिंग घेऊन वाकले. मग बाकीचे चौघे वाकले. शेवटी मिझुनो-सानांनी विचारलं, हे काय. माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं, उरलंसुरलं स्वरूपाने सांगितलं, की जी वस्तू आपल्याजवळ असते, आपल्या कामी येते, तिला आमच्याकडे वर्षातून एकदा हाताने हळदकुंकू लावून नमस्कार करतात. ते मान हलवत ऐकत राहिले आणि मग म्हणाले की ही वस्तू मूळ स्थितीत नाही, नियमाप्रमाणे टेबलावर मांडता येणार नाही. संपलं! मी झाकण लावायला घेतलं.

तेवढ्यात मिझुनो-सान काचेच्या पेटीकडे गेले. त्यांचं सगळ्यात लाडकं रिव्हॉल्व्हर त्यात असतं. ते बाहेर काढलं, माझ्यासमोर ठेवलं, आणि विचारलं की कुंकू आणलंय का. स्वरूपाच्या पर्समध्ये डबी होती. मी म्हटलं, अहो, मूळ स्थिती! तर ते म्हणाले, चाळीस वर्षं मी हे सगळ्यांपासून जपलं, स्वतःपासूनसुद्धा. उघड्या हाताने याला कधी शिवलोच नाही. मग हातमोजा काढला, कुंकवात बोट बुडवलं आणि नळीवर टेकवलं. नंतर हळूच चक्र फिरवलं. टिक टिक टिक! सुमन, तो पंच्याऐंशीचा माणूस अनघासारखा खिदळला गं, आणि डोळे पुसत पुन्हा फिरवायला लागला.

मग काय विचारतेस! बाकीचे चौघे आपापली रिव्हॉल्व्हरं घेऊन रांगेत. रांग लावायला इथे कुणाला सांगावं लागत नाही. एकाने तर अक्षताही मागितल्या. डबी रिकामी झाली. आता अख्ख्या मंडळात मूळ स्थितीतली एकही वस्तू उरली नाही, त्यामुळे नियमच बदलावा लागला. मला सभासद केलं, आणि पुढच्या खंडेनवमीचा भटजीही मीच.

तेव्हा मी राहतोय. तुला वाईट वाटेल, ठाऊक आहे. मलाही वाटतंय. तुझ्याशी भांडल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

रुसलेला लोभ परत आला आहे, सांभाळून घे.

तुझा,
दादा

पुणे,
१२ नोव्हेंबर २०२३

ती. दादास सुमनचा सा. न. वि. वि.

लक्ष्मीपूजन आटोपून लिहायला बसले. आधी रडले, मग मिझुनो-सानांची टिक टिक वाचून हसले, मग पुन्हा रडले. बाळासाहेब म्हणाले, एक काय ते ठरव.

ठरवलं. चार वर्षं मी तुला ये, ये म्हणतेय. येते असं एकदाही म्हटलं नाही. पासपोर्टला अर्ज केला आहे. भाऊबीजेला पाटच नुसता ओवाळीन, पुढच्या खंडेनवमीला मात्र तिथेच असेन. हळदकुंकू भरपूर आणते, तुमची डबी पुरायची नाही. बाळासाहेबही येताहेत. एक गुडघा बदललेला आहे, म्हणजे ते मूळ स्थितीत नाहीत. मंडळाला आधीच कल्पना दे.

लोभ विमानतळापर्यंत चालत यावा.

तुझी,
सुमन

ता. क. न्यायला येशील तेव्हा हातमोजे घालून येऊ नकोस.