चार आटे अलीकडे

मंगळवार, १४ तारीख
दुकानातून

चि. टिल्ल्या,

आशीर्वाद. एकतीस वर्षांच्या बाप्याला टिल्ल्या म्हणू नये हे मला कळतं, पण सवय जात नाही.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या सौभाग्यवती, आमच्या वहिनी, म्हणतात, प्लास्टर निघालं तरी मनगट दुखतंय. फोन उचलायला डावा हातही चालतो, पण ते असो. पत्र तरी उघडशील म्हणून लिहितेय. वहिनी संध्याकाळी इकडून जाणार आहेत, त्यांच्या हाती देईन.

आईला नवा चष्मा मिळाला. आल्या आल्या तिने माझ्या दुकानाच्या काचेवरची धूळ दाखवली आणि मग माझे पांढरे केस मोजले. जुनाच चष्मा बरा होता. माझं चाललंय. काल एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचीच स्कूटर देऊन बसले, आणि तो ती घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलाही. नट फिरवायचे पाने तीनदा आकाराप्रमाणे लावून झाले. हात स्वस्थ बसत नाहीत.

तर तुझा इलेक्ट्रिक स्केटबोर्ड. तीन महिन्यांपूर्वी तू त्यावरून पडलास तेव्हापासून तो माझ्याकडेच आहे. आता तू तो विकतोयस, गणिताचे मास्तर रविवारी न्यायला येणार, हे वहिनींकडून कळलं. तोवर बेअरिंग बदलून, नवा पट्टा घालून तयार ठेवायचा. ठेवते. तीन चाकं निघाली. चौथ्याचा, म्हणजे मागच्या मोटरवाल्या चाकाचा नट मात्र जागचा हलत नाही. तेल पाजलं, दिवसभर मुरू दिलं, जरा पुढे जरा मागे असं चुचकारून पाहिलं. ढिम्म.

स्टेनलेसचं हे असंच असतं. गंज चढत नाही म्हणून लोक कौतुक करतात, पण स्टेनलेसच्या ॲक्सलवर स्टेनलेसचा नट कोरडा आणि जोरात फिरवला की आटे घासून तापतात, एकमेकांचं कातडं ओरबाडतात आणि तिथेच एकजीव होतात. म्हणून आधी आटे ब्रशने साफ करायचे, राखाडी पेस्ट लावायची, नट हाताने चढवायचा. हाताने जाईना की पाना घ्यायचा, तोही सावकाश. नट फिरवायचं मशीन लावायचं नाही. मध्येच जड लागलं तर थांबायचं आणि उलटा काढून बघायचं. मला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात हे माझ्याकडून घोकून घेतलं होतं. तुला हे सगळं कशाला सांगतेय कोण जाणे. तू खोटे दात घडवणारा माणूस, तुला नटांशी काय करायचंय.

मनगट शेकत जा. आणि बोर्ड विकायची घाई करू नये असं मला वाटतं. का वाटतं ते विचारू नकोस.

तुझी ताई


गुरुवार, १६ तारीख
दुकानातूनच, शटर अर्धं ओढून

चि. टिल्ल्या,

तुझी चिठ्ठी काल संध्याकाळी वहिनींनी आणून दिली. डाव्या हाताने लिहिलेली, वाकड्या अक्षरातली. ती खिशात आहे आणि मी सारखी काढून वाचतेय. ‘नट निघत नसेल तर ॲक्सल कापून नवा घाल, ताई. माझ्याच्याने आता बोर्डावर उभं राहवणार नाही, पाय भरवशाचे राहिले नाहीत. मास्तरांना सांगितलंय, नट माझ्या ताईने बसवलेत, बघायला नको. ते निर्धास्त आहेत.’

बघायला नको म्हणे. चिठ्ठी यायच्या आधी, काल दुपारीच मी बघितलं होतं.

नट कापला. करवतीने एका बाजूला उभी चीर पाडली, ॲक्सलला लागायच्या आत थांबले, मग चिरेत छिन्नी ठेवून एक ठोका दिला. उकलला. आतले आटे पार सोलवटलेले होते. पण त्यांच्या पलीकडे, जिथे नट येऊन बेअरिंगला भिडायला हवा तिथे, ॲक्सलचे चार आटे स्वच्छ आणि मोकळे होते. नट तिथवर पोचलाच नव्हता. तो चार आटे अलीकडेच जाम झाला आणि मला वाटलं, घट्ट बसला.

मला वाटलं हेही खोटं. नीट सांगते.

तुझ्या वाढदिवसाला जुने गंजके नट काढून हे चकचकीत नट मीच घातले, भेट म्हणून. पेस्टची डबी समोरच्या फळीवर होती. दारात एक गिऱ्हाईक घड्याळ दाखवत उभं होतं, तू बाहेर शीळ घालत होतास, आणि मी मशीन लावलं. तीन नट सुरळीत गेले. चौथा किंचाळला आणि थांबला. हात लावला तर चटका बसला. तो आवाज मी वीस वर्षं ओळखते, टिल्ल्या. उलटा काढून बघायला हवं होतं. मी म्हटलं, ‘झालं, पळ.’

महिनाभर तू त्यावरून कामाला गेलास. चाक ॲक्सलवर थोडं थोडं इकडे तिकडे सरकत राहिलं. मग त्या दिवशी उतारावर मोटरचा पट्टा कडेला उतरला, चाकात अडकला आणि चाक जागीच थांबलं. तू फेकला गेलास आणि मनगट दोन ठिकाणी मोडलं.

हॉस्पिटलात तू मला विचारलंस, ‘ताई, नट घट्ट होते ना?’ बोर्ड पलंगाखाली होता आणि पाना माझ्या खिशातच. आई आणि वहिनींच्या देखत मी तो नटाला लावला आणि म्हटलं, ‘घ्या, हलवून बघा.’ वहिनींनी सगळा जोर लावला. नट तसूभर हलला नाही. जाम झालेला नट हलणार कसा? वर मीच म्हटलं, ‘वेगाची हौस नडली तुला, माझ्या कामाला नावं ठेवू नकोस.’ चोराच्या उलट्या बोंबा. तू मान खाली घालून म्हणालास, ‘चुकलो, ताई. तुझ्यावर संशय घ्यायला नको होता. माफ कर.’

त्याच संध्याकाळी दुकानात येऊन मी ते चाक धरून हलवलं. टक टक वाजलं. मी बोर्ड पोत्यात बांधला आणि बाकाखाली सारला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? तीन महिने तू मेणात दात कोरायचं सोडून त्याच दातांच्या लॅबमध्ये खोकी बांधतोयस. वहिनी सांगतात, जिनासुद्धा कठड्याला धरून उतरतोस आणि पोरीला म्हणतोस, ‘बाबाने वेडेपणा केला.’ हे ऐकून मी काय केलं असेल? ‘शेक द्या मनगटाला,’ म्हटलं. तू फोन उचलत नाहीस म्हणून मी चारचौघांत कुरकुरते, पण रिंग वाजत राहिली की मनातून मला बरंच वाटायचं.

काल नट कापल्यावर वाटलं, नवा ॲक्सल घालावा, तुकडे भंगारात टाकावे आणि रविवारी बोर्ड मास्तरांच्या हवाली करावा. कुणालाही कळलं नसतं. तासभर असं वाटत राहिलं, ते लपवत नाही. तुकडे भंगाराच्या डब्यात टाकलेही होते. मग तुझी चिठ्ठी आली, आणि ती वाचून मी गुडघ्यांवर बसून डबा उपसला.

नवा ॲक्सल घातलाय. चारही नट पेस्ट लावून हाताने चढवले, शेवटचे फेरे पान्याने. प्रत्येक चाक धरून हलवून पाहिलं. वाजत नाही. मास्तरांना कळवलंय की रविवारी येऊ नका, मला आधी भावाशी बोलायचंय. बोर्ड विकायचा की ठेवायचा, ते तुझं तू बघ. पण पाय भरवशाचे नाहीत म्हणून विकू नकोस. तुझ्या पायांनी काहीच चूक केली नव्हती.

रविवारी मी येतेय. आईलाही घेऊन येते. दोघींच्या देखत तुला खोटं पाडलं, तेव्हा दोघींच्या देखतच सांगेन. दार उघडलं नाहीस तर जिन्यातून सांगेन, माझा आवाज किती मोठा आहे ते तुला माहीत आहे.

नटाचे दोन्ही तुकडे या पाकिटात आहेत. कडा धारदार आहेत, पोरीच्या हाती देऊ नकोस.

माझी माफी पत्रातून मागत नाही, समोर येऊन मागेन. हॉस्पिटलात तू माझ्याकडे मागितलेली मात्र आज परत पाठवतेय. तीन महिने मी ती ठेवून घेतली. ती माझी नव्हती.

तुझी ताई