कोरडा तळवा

३ मार्च १९७८, सांगली

पंचवीस क्विंटल हळद. भाव ठरला क्विंटलला तीनशे नव्वद, घरात पडली चारशे दोनला. बारा हमाली-तोलाईचे. आणि त्या तीनशे नव्वदातले दहा निव्वळ घामाचे – माझ्या तळव्याच्या!

सौदा झाल्यावर पीरमहंमदनं चहाला नेलं. यार्डातला जुना, मोठा व्यापारी. म्हणाला, "आकारामशेठ, रुमालाखाली अडत्या बोटं मागनं मोजतो, आधी तळवा चाचपतो. तुमचा ओलाचिंब! मग बिराप्पा अडत्या 'अजून बोला' म्हननारच की."

वीस वर्षं ह्या यार्डात काढली. पाठीवर पोती वाहण्यापासून. रुमालाखाली बोटं दाबून अडत्याला भाव सांगण्यात मी वस्ताद, असं समजत होतो!

१४ मार्च

आज मुद्दाम पीरमहंमदचा हात हातात घेतला. ठणठणीत कोरडा. भोवती माणसं भावासाठी घामाघूम, आणि हा पठ्ठ्या पान लावतोय!

रीत विचारली. लपवली नाही. भाव घरी ठरवायचा, सकाळच्या नमाजनंतर. यार्डात आला की तेवढाच बोटांनी सांगायचा, वर रुपया नाही. भांडवलाचे पाच वाटे. एका सौद्याला एकच. भाव उतरू लागला की तोटा घेऊन मोकळं व्हायचं.

"तोटा झाल्यावर झोप येते?"

"तोटा जागतो की. मी कशाला जागू?"

काय माणूस!

२ एप्रिल

पहिली हळद नफ्यात गेली. मीही पाच वाटे केले, दोन-दोन हजारांचे.

दुकानाचा भाड्याचा गाळा विकत घ्यायचे वीस हजार वेगळे. मालक अक्षय तृतीयेला गाळा विकणार – आम्ही नाही तर दुसरा कुणी. मग दुकान रस्त्यावर. मनुबाईनं पैसे फडक्यात बांधले, वर दम. "आवं, ह्याला हात लावलासा तर मी पलूसला माहेरी जाईन! एकट्यानं भाकऱ्या बडवा."

३ एप्रिल

सौदा नाही. मोह झाला, पण नाही. छान वाटलं.

१९ एप्रिल

चुकलो. लिहायला लाज वाटते.

बिराप्पाच्या अडतीत साठ क्विंटलची रास. कांडी मोडली तर आत केशर! सगळीकडे एकच बोलणं, "लय तेजी हाय, पाचशे बघतोय!" घरून ठरवून निघालो होतो, एक वाटा, भाव तीनशे पंच्याण्णव. रुमालाखाली हात गेला आणि दाबून बसलो – चारशे दहा! पूर्ण रास! म्हणजे पाचही वाटे, वर गाळ्याचे चौदा हजार सहाशे. आणि रुमालाखाली दिलेला शब्द मागं घेता येत नाही.

हात बाहेर काढला तर समोर पीरमहंमद. त्यानं हात मिळवला. माझा तळवा – सांगायलाच नको. म्हणाला, "किती घेताय?" म्हटलं, "सगळी." तो पुढं सरकला.

सगळ्यांचे हात झाल्यावर सर्वांत चढ्या भावाचं नाव पुकारलं, ते लोणंदच्या कुणा व्यापाऱ्याचं. चारशे पंधरा. पाच रुपयांनी गेली! मनात त्याला शिव्या घातल्या.

२ मे

तीनशे साठ.

१० मे, अक्षय तृतीया

भाव तीनशे दहा! माल विचारायला कुत्रं नाही. लोणंदकर मेला बिचारा.

आणि आमच्या हातात गाळ्याची किल्ली! ज्या पायरीवर पोतं टेकून दम खायचो, ती पायरी आता माझी. मनुबाईनं दारात रांगोळी काढली, मग कोपऱ्यात जाऊन रडली.

यार्डभर पेढे वाटले. जो तो विचारी, एवढ्या तेजीत कसे वाचलात? सांगितलं, "हात वेळीच आवरला. धंद्याला शिस्त लागते, बाबांनो!" जरा मीठ लावलं, पण खोटं तरी कुठं? वाचलो ना? पीरमहंमदनं पेढा तोंडात टाकला. "व्हय तर," म्हणाला, "शेठचं बघून शिका."

१३ मे

बिराप्पाला पेढा द्यायचा राहिला होता. खाता खाता बोलून गेला. लोणंदचं नाव नुसतं पुकारण्यापुरतं. माझ्यानंतर रुमालाखाली हात पीरमहंमदचा होता. "म्या म्हनलं, भाई, एवढा भाव तुमी कवा देताय? तर म्हनला, माझा ह्यो एक वाटा हाय, बिराप्पा. आकारामचं दुकान हाय."

घसरण लागल्यावर त्यानं ती रास तीनशे पासष्टला विकली. तोटा तीन हजार.