शाब्बास, ताई

४ नोव्हेंबर, सोमवार

नोकरी लागली! अकरा वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून पायांच्या शिरा फुगल्या. आता बसायला खुर्ची आहे, खुर्चीला चाकं आहेत आणि खिडकीतून ऊनही येतं. या आनंदात नवी वही काढली.

हे व्यसनमुक्तीवर संशोधन करणारं केंद्र आहे. पुढे नोंदणीचं टेबल, मग लांबलचक बोळ, बोळाच्या टोकाला नमुना द्यायचं बाथरूम, त्याला लागून लॅब आणि शेवटी माझी खोली. काम मोठं गमतीचं आहे. नशा सोडायला येणाऱ्यांना महिन्यातून एक इंजेक्शन मिळतं. ते अंगात असलं की नशा केली तरी चढत नाही. शिवाय आठवड्यातून दोनदा लघवीची तपासणी होते. नमुना स्वच्छ निघाला की तो माणूस माझ्याकडे येतो आणि काचेच्या भल्यामोठ्या बरणीतून एक चिठ्ठी उचलतो. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसतं ‘शाब्बास’ छापलंय. बाकीच्यांवर साबण, मोजे, टॉर्च, छत्री असं काहीबाही, आणि एकीवर चक्क सायकल. मोठ्या मॅडम म्हणाल्या की हसू नका, औषधाच्या जोडीला अशी पाठीवर थाप मिळाली की माणसं टिकतात, हे अभ्यासांतून दिसलंय. मी हसले नाहीच. आज एका वेल्डरला ‘शाब्बास’ निघालं. त्याने ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावून घेतलं.

मला कुणी ओळखलं नाही. ओळखणार कसं? आडनाव सासरचं, आणि इथे मी याआधी कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

आणि लॅबमधला दोनरेघे अजून इथेच आहे. धडधाकट आहे, तीन चमचे साखर घालून चहा पितो. त्याला पाहिलं आणि आत कुठेतरी गार वाटलं. सापडला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

काल आनंदात अर्धंच लिहिलं. आज सगळं लिहिते.

धाकटा माझा भाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई गेल्यावर त्याची वेणीफणी सोडून सगळं मीच केलं. पुढे तो नशेला लागला. माझ्या बांगड्या गेल्या, मिक्सर गेला, यांचं घड्याळ गेलं. शेवटी तो या केंद्राच्या अभ्यासात शिरला. क्रमांक सतरा. सात महिने एकदम स्वच्छ! चेहऱ्यावर मांस आलं होतं. मग फेब्रुवारीत लागोपाठ तीन नमुने पॉझिटिव्ह निघाले. इथला नियम असा की सलग तीन झाले की अभ्यासातून नाव कमी, इंजेक्शन बंद. तो ओरडून सांगत होता की मी काही घेतलेलं नाही. कुणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही. त्याची पिशवी मी स्वतः दाराबाहेर ठेवली.

दीड महिन्याने त्याने पुन्हा घेतलं. पूर्वी घ्यायचा तेवढंच. पण सात महिन्यांत शरीराची सवय मोडली होती. बसथांब्याच्या बाकावर सापडला, बसलेलाच.

त्याच्या सामानात बिस्किटांचा एक डबा होता. त्यात एकेचाळीस ‘शाब्बास’, सगळ्यांच्या होड्या केलेल्या. कागद हातात आला की त्याची होडी करायची, ही त्याची लहानपणची खोड. तळाशी एक कागद होता, ‘ताई, मी काहीच घेतलं नव्हतं. आईशप्पथ.’ बांगड्या चोरून माझ्या तोंडावर खोटं बोलायचा, पण आईची शपथ त्याने कधी खोटी घेतली नाही.

म्हणजे खोटं दुसऱ्या कुणाचं तरी आहे. नमुने तपासतो दोनरेघे. माझा भाऊ त्याने मारलाय, आणि मी त्याला सोडणार नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आठवडाभर गोड बोलून सगळं काढून घेतलं. नाव दोनरेघे नाही, ते पेशंट लोकांनी पाडलंय. नमुन्यात पट्टी बुडवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. दोन रेघा उमटल्या तर माणूस स्वच्छ. एकच उमटली तर पॉझिटिव्ह. स्वच्छ निघाला की हा बोळात येऊन ‘दोन रेघाऽ’ अशी आरोळी ठोकतो आणि बाकांवरची माणसं टाळ्या वाजवतात. मलासुद्धा पट्टी वाचायला त्यानेच शिकवलं. माणूस गोडबोल्या आहे. विषाची गोळीही साखरेत घोळवून देईल.

आणि आज तर लॉटरीच लागली. बोलता बोलता म्हणाला की तोही पूर्वी नशेत होता, आता सहा वर्षं स्वच्छ आहे. म्हणून दर तीन महिन्यांनी त्याचीही तपासणी होते, आता एकवीस तारखेला आहे. पॉझिटिव्ह आला तर नोकरी गेली. स्वतःची पट्टी स्वतः वाचता येत नाही, तेव्हा या वेळी ती मी वाचायची आहे.

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. जसं त्याने केलं तसंच त्याच्या पदरात टाकायचं. त्यानेही ओरडून सांगावं की मी काही घेतलं नाही, आणि कुणी ऐकू नये.

सामान घरातच आहे. आमच्याकडे एकाही औषधाच्या बाटलीला लेबल नाही. धाकटा नावं वाचून हवं ते शोधून काढायचा, म्हणून सगळी लेबलं मी गरम पाण्यात भिजवून खरवडून टाकली. त्याला कळायला नको होतं. मला कशाला लागतात लेबलं? अकरा वर्षं हेच केलंय. फळीवर दोन तपकिरी बाटल्या आहेत. डावीकडची यांच्या कोरड्या खोकल्यासाठी आणलेली, तिच्यात नशेचा अंश असतो. आता हे दूर नोकरीला, ती तशीच पडून आहे. उजवीकडची साधी. फेब्रुवारीत धाकट्याला खोकला झाला तेव्हा उजवीकडचीच दिली होती, दहा दिवस, दोन-दोन चमचे. एकतीस वर्षांचा घोडा, पण कडू म्हणून तोंड फिरवायचा. डोळे मीट, आ कर, असं म्हणून भरवायला लागायचं.

दोनरेघेला डावीकडची.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी नव्या चिठ्ठ्या घड्या घालून बरणीत टाकायला गेले, तर वरच एक होडी. इथे सगळ्या चिठ्ठ्यांना साधी चौकोनी घडी असते. विचारलं, तर मॅडम म्हणाल्या कुणीतरी पेशंट खेळला असेल.

दुपारी बाथरूममधून खोकला ऐकू आला. कोरडा, लागोपाठ तीनदा. दार उघडंच होतं, आत कुणी नव्हतं. फरशी मात्र ओली होती.

घरी येऊन डबा उघडला. चाळीस होड्या.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून सुरुवात केली. सगळ्यांचा चहा मीच केला, नव्या माणसाचा उत्साह म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. दोनरेघेच्या कपात डावीकडच्या बाटलीतले तीन चमचे टाकले. इतकी साखर ओतल्यावर चव काय कळते! मिटक्या मारत प्यायला. म्हणाला, बाई, तुमच्या हाताला गुण आहे.

बरणीत आज पाच होड्या. एक उलगडली. छापलेल्या ‘शाब्बास’च्या पुढे पेनाने लिहिलं होतं, ‘ताई’. त्याचंच अक्षर! काना असा लांब ओढलेला, खालच्या ओळीत जाणारा. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. भीती नाही वाटली. तो आलाय. त्यालाही हेच हवंय. माझं पोर माझ्या पाठीशी उभं आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

तिसऱ्या दिवसाचा चहा पोचला.

वेल्डरच्या हाती आज होडी लागली. त्याने हात झटकून ती खाली टाकली. म्हणाला, चिठ्ठी ओली आहे. मग विचारलं की तुमच्या खुर्चीमागे कोण खोकतंय. माझ्यामागे भिंत आहे. त्याला दुसरी चिठ्ठी काढायला सांगितली, तर नको म्हणाला आणि बक्षीस न घेताच गेला.

होडी मी उलगडली. ‘शाब्बास, ताई. दोन चमचे.’

दोन का? मी तर तीन टाकते.

उद्या तपासणी. उद्या संपेल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दोन रेघा.

दोन! मी पाच मिनिटं थांबले, दहा थांबले, नवी पट्टी घेतली. तिच्यावरही दोन. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी बोळात जाऊन दोनरेघेची आरोळी ठोकली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तो लाजला.

नमुना बदलला का? पण मीच तर दाराशी उभी होते. पट्ट्या तर चांगल्या आहेत, सकाळीच दोघांच्या पॉझिटिव्ह आल्या. म्हणजे चहात जे टाकलं त्यात काही नव्हतंच. पण डावीकडची—

नाही. हे आत्ता लिहायचं नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

पट्टी स्वच्छ आली म्हणून दोनरेघे खुशीत होता. स्वतःहून माझ्याकडे येऊन बसला. म्हणाला, दर वेळी आदल्या रात्री झोप लागत नाही, कारण पट्टी माणसाचं काय करते ते त्याने पाहिलंय. क्रमांक सतरा, पोरसवदा, होड्या करणारा. त्याची पट्टी याने तीन-तीनदा लावली. दुसरी रेघ उमटावी म्हणून दिव्याखाली धरून बसला. उमटली नाही. पोराला खोकला होता, म्हणून याला शंका आली. मॅडमना गळ घालून त्याने स्वतः त्याच्या बहिणीच्या मोबाइलवर फोन लावला. तिला विचारलं की बाई, घरात खोकल्याचं कुठलं औषध आहे, जरा बाटली बघून सांगा.

बहीण म्हणाली की तिचं आयुष्य औषधांत गेलंय, ती स्वतःच्या हाताने साधं औषध देते, आणि तो खोटारडा आहे.

दोनरेघे डोळे पुसत होता. म्हणाला, तिने एकदा बाटली बघितली असती तर.

मला तो फोन आठवतो. काउंटरवर गर्दी होती. मला राग आला होता, मला काय शिकवतात हे. मी ठेवून दिला.

बरणीकडे पाहिलं. आज एकही चौकोनी चिठ्ठी नाही. सगळ्या होड्या.

२३ नोव्हेंबर, शनिवार, दुपार

केंद्रातून दोन पट्ट्या आणल्या. दोन वाट्यांत पाणी, त्यात थेंब थेंब औषध.

डावी. दोन रेघा.

उजवी.

एक.

एकच. पाच मिनिटं. दहा. एकच. उन्हात धरली, दिव्याखाली धरली. उमट ना गं. उमट.

लेबलं मी काढली. बाटल्या पुसून परत मी ठेवल्या. अदलाबदल करून. दहा दिवस, दोन-दोन चमचे, माझ्या हाताने. आ कर म्हणून. कडू लागतं म्हणत होता तो, साधं औषध गोड असतं, गोड असतं हे मला माहीत होतं, रोज विकत होते मी.

मारणाऱ्याला शोधायला तिकडे गेले होते.

डबा रिकामा आहे.

२३, संध्याकाळ

खोकला आधी जिन्यात होता. आता स्वयंपाकघरात आहे.

सगळे दिवे लावलेत. त्याला म्हटलं, मी चुकले रे. म्हटलं, मुद्दाम नाही केलं. तो खोकतोय नुसता. मग मीच म्हटलं, आईशप्पथ.

खोकला थांबला. हसला तो.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून मला खोकला आहे. कोरडा. लागोपाठ तीनदा, मग तीनदा. दोनरेघेला फोन केला, सांगायला, की सतरा नंबर खरं बोलत होता, ते कागदावर लिहा, त्याचं नाव स्वच्छ करा. खोकल्यापुढे शब्दच फुटला नाही. तो बिचारा विचारत राहिला की कोण बोलतंय, बरं नाही का, घरात काही औषध आहे का—

म्हणून इथे लिहिते. त्याने काही घेतलं नव्हतं. मी दिलं. वही सापडेल त्याने केंद्रात द्यावी.

फळीवरच्या बाटल्यांना लेबलं आली आहेत. सगळ्यांना. लांब काने, खाली ओघळलेले. ‘ताईसाठी.’ ‘ताईसाठी.’ ‘ताईसाठी.’

उजवी बाटली फळीवर नाही—

टेबलावर आहे. झाकण उघडं. मी नाही उघडलं.

चमचा त्याच्या हातात. बोटं ओली, बसथांब्यावर पाऊस होता त्या दिवशी, मी विचारलंही नव्हतं कुणाला की पोर भिजलं होतं का—

दोन नाही. दोन केव्हाच झाले. तो मोजतच नाहीये.

गोड नाही हे. कडू आहे. कडू आहे रे, तू सांगत होतास—

म्हणतोय, डोळे मीट ताई. शाब्बास. आ—